एसडीकेच्या बिल्ड स्क्रिप्ट : प्रत्येक प्लॅटफॉर्मला वेगळी, की सगळ्यांना मिळून एक?

निळीशाई

नमस्कार. आमचा गट बोटांचे ठसे घेणाऱ्या स्कॅनरसाठीचे एसडीके (इतरांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा लायब्ररीचा संच) सांभाळतो. गाभा सी++ मध्ये लिहिलेला आहे, बाहेर दिसणारा इंटरफेस साध्या सीचा आहे आणि त्यावर जावा व पायथनमधून तो वापरता यावा म्हणून बाइंडिंग बसवलेली आहेत. पतसंस्थांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या कंपन्यांपासून कारखान्यांतील हजेरीची यंत्रणा बनवणाऱ्यांपर्यंत अनेक जण हे एसडीके आपापल्या प्रोग्रॅमला जोडतात. त्यामुळे ते विंडोज, लिनक्स, मॅकओएस आणि अँड्रॉइड अशा चारही ठिकाणी द्यावे लागते.

बिल्डसाठी, म्हणजे सोर्स कोडपासून लायब्ररी बांधण्यासाठी, सध्या तीन स्वतंत्र व्यवस्था आहेत. विंडोजसाठी बॅच फाइल आहे, लिनक्स आणि मॅकसाठी मिळून एक शेल स्क्रिप्ट आहे आणि अँड्रॉइडसाठी ग्रेडल या बिल्ड साधनाच्या फाइली आहेत. सोर्स फाइलींची यादी, कंपायलरचे फ्लॅग आणि आवृत्तीचा क्रमांक या सर्व गोष्टी तिन्हीकडे हाताने लिहिलेल्या आहेत. एखादी फाइल एका यादीत राहून गेली तर लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारे साधन) लगेच ओरडतो, त्यामुळे त्याची भीती नाही. मात्र प्रतिमेच्या गुणवत्तेची किमान पातळी ठरवणारी एक व्याख्या शेल स्क्रिप्टमध्ये बदलली गेली आणि बॅच फाइलमध्ये जुनीच राहिली, तेव्हा कोणत्याही साधनाने तक्रार केली नाही. दोन्हीकडे बिल्ड झाले, चाचण्याही पार पडल्या. एकाच बोटाचा ठसा लिनक्सवर स्वीकारला जातो आणि विंडोजवर नाकारला जातो, हे शेवटी ग्राहकाच्या लक्षात आले.

माझे मत असे आहे की सगळे सीमेकमध्ये (एकाच वर्णनावरून सर्व प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करवणाऱ्या साधनात) आणावे आणि बाकीच्या स्क्रिप्टमध्ये केवळ सीमेकला हाक मारण्यापुरत्या ओळी ठेवाव्यात. गटातील काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की चालत्या स्क्रिप्टला हात लावू नये आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मवर तिथलेच साधन वापरावे. ॲप्लिकेशनपेक्षा एसडीके सांभाळणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील, कारण आमची लायब्ररी शेवटी दुसऱ्याच्या यंत्रावर, दुसऱ्याच्या कंपायलरबरोबर चालायची असते.

कातळशिल्प

निळीशाई, तुमच्या मताशी मी सहमत आहे, पण सीमेक आणल्याने तीन स्क्रिप्टांची आपोआप एक होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. वरपासून खालपर्यंत ‘विंडोज असेल तर’, ‘ॲपल असेल तर’ अशा अटी लिहिलेल्या सीमेकलिस्ट्स फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत जुन्याच तीन स्क्रिप्ट एका फाइलीत एकाखाली एक मांडलेल्या असतात आणि त्यांच्यातला फरक पूर्वीसारखाच वाढत राहतो.

खरा बदल घडतो तो टार्गेटनुसार (सीमेकने बांधायच्या एकेका वस्तूनुसार) विचार केल्यावर. लायब्ररीचे एक टार्गेट करावे, आणि तिला लागणारे हेडर, व्याख्या आणि फ्लॅग त्या टार्गेटलाच जोडावेत. कुठेतरी वर सर्वांसाठी मिळून लिहू नयेत. तुमची ती गुणवत्तेची व्याख्या अशी एकदाच टार्गेटला जोडलेली असती, तर ती चारही प्लॅटफॉर्मवर सारखीच पोहोचली असती. शिवाय सिस्टिमचे नाव विचारण्यापेक्षा ‘हे हेडर आहे का’, ‘हे फंक्शन मिळते का’ असे विचारणे जास्त टिकाऊ ठरते.

सीमेकचा जन्मच तुमच्यासारख्या गरजेतून झाला आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने वैद्यकीय प्रतिमांवर काम करण्यासाठी इनसाइट टूलकिट करवून घेतले. ते युनिक्स आणि विंडोज दोन्हीकडे एकाच वर्णनावरून बांधता यावे म्हणून किटवेअर कंपनीने २००० च्या सुमारास सीमेक लिहायला घेतला. म्हणजे ते सुरुवातीपासूनच टूलकिट बांधण्याचे साधन आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा. लिनक्सवर मेकफाइल किंवा निंजा (प्रत्यक्ष बांधणी करणारी साधने) वापरताना बिल्डचा प्रकार (डिबग, रिलीज इत्यादी) सांगितला नाही, तर तो रिकामा राहतो आणि कंपायलरला ऑप्टिमायझेशनचा कोणताही फ्लॅग जात नाही. लायब्ररी तयार होते, चालतेही, फक्त मंद असते. याउलट व्हिज्युअल स्टुडिओचा जनरेटर कॉन्फिगर करताना सांगितलेल्या या प्रकाराकडे पाहतच नाही. तिथे तो बिल्ड करताना सांगावा लागतो. ही दोन वेगळी वागणूक प्रीसेट (आधीच ठरवलेल्या सेटिंगच्या) फाइलीत एकदा लिहून टाकली (सीमेक ३.१९ पासून ती सोय आहे) की प्रत्येकाने आपापल्या आठवणीवर विसंबण्याची गरज उरत नाही.

दुपारतिठा

लिनक्सवर किमान कोणती ग्लिबसी (लिनक्सवरची मुख्य सी लायब्ररी) चालली पाहिजे, हे ठरलेले आहे का? त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

निळीशाई

दुपारतिठा, लेखी असे कुठेच ठरलेले नाही. बिल्डचे यंत्र उबुंटू २२.०४ आहे, आणि काही ग्राहक आरएचईएल ८ (रेड हॅटचे लिनक्स) वर आहेत.

दुपारतिठा

मग हा प्रश्न स्क्रिप्ट एक की तीन यापेक्षाही आधीचा आहे. उबुंटू २२.०४ मध्ये ग्लिबसी २.३५ आहे आणि आरएचईएल ८ मध्ये २.२८. नव्या यंत्रावर बांधलेली लायब्ररी जुन्या यंत्रावर लोड करताना ‘जीएलआयबीसी_२.३४ सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, आणि हाच आकडा वारंवार दिसण्याला कारण आहे. २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन करण्यात आली, त्यामुळे तिथे बांधलेल्या आणि थ्रेड वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमला ती खूण चिकटते.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमला तुम्ही पाठिंबा देणार आहात, तिच्या कंटेनरमध्ये (त्या सिस्टिमच्या बंदिस्त प्रतीत) नवा कंपायलर घेऊन बांधा. पायथनवाल्यांनी यासाठी मॅनीलिनक्स नावाचे कंटेनर तयार ठेवले आहेत. मॅनीलिनक्स२०१४ हा सेंटओएस ७ वर, म्हणजे ग्लिबसी २.१७ वर उभा आहे. पण सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला आहे. अल्मालिनक्स ८ वरचा मॅनीलिनक्स_२_२८ तुमच्या ग्राहकांना नेमका बसतो. तुमचे पायथन बाइंडिंगही त्यातच बांधता येईल.

शेवटच्या पायरीत, तयार झालेल्या लायब्ररीतील ग्लिबसीच्या खुणा ऑब्जडंप या फाइल तपासणाऱ्या साधनाने काढून, ठरवलेल्या आकड्याच्या वरची एकही आढळली तर बिल्ड थांबवावे. एखाद्या डिपेन्डन्सीची नवी आवृत्ती आल्यावर हा आकडा कोणाच्या नकळत वर सरकतो, म्हणून ही तपासणी माणसावर सोडू नये.

सांजपर्व

मी इथे विरुद्ध मत मांडतो. सीमेकची भाषा वाचायला अवघड आहे, यादी आणि मजकूर यांच्यात ती फरक करत नाही, आणि व्हेरिएबलच्या नावात चूक झाली तर मुकाट्याने रिकामी किंमत मिळते. असल्या भाषेत कंपनीचे सर्व ज्ञान साठवावे, हे मला पटत नाही. आमच्याकडे पायथनची एकच स्क्रिप्ट मुख्य आहे. ती सोर्सची यादी एका फाइलीतून वाचते आणि कंपायलरला थेट बोलावते. नवीन आलेला मुलगाही ती एका बैठकीत वाचू शकतो.

शिवाय सीमेक स्वतःही बदलतो. मार्च २०२५ मध्ये ४.० आला आणि त्याने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगती काढून टाकली. आपला कोड कितीही नीट असला, तरी आत घेतलेल्या एखाद्या जुन्या लायब्ररीच्या पहिल्या ओळीत २.८ लिहिलेले असेल, तर कॉन्फिगर करतानाच सगळे थांबते. ती लायब्ररी लिहिणाऱ्याने अनेक वर्षांत तिकडे पाहिलेलेही नसते.

कातळशिल्प

सांजपर्व, ४.० चा मुद्दा खरा आहे. तात्पुरता मार्ग म्हणून सीमेकला किमान धोरण ३.५ समजायला सांगणारे व्हेरिएबल त्याच आवृत्तीत दिलेले आहे, पण ते कायमचे ठेवू नये. आत घेतलेल्या लायब्ररीतील ती एक ओळ दुरुस्त करून पॅच आपल्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवावा आणि मूळ प्रकल्पालाही पाठवावा.

पायथनच्या बाबतीत मला वेगळी अडचण दिसते. कंपायलरला थेट बोलावणाऱ्या स्क्रिप्टला हळूहळू सर्व काही शिकवावे लागते: कोणते हेडर बदलले म्हणजे कोणत्या फाइली पुन्हा बांधायच्या, व्हिज्युअल स्टुडिओ यंत्रावर कुठे आहे, विंडोजवर आदेशाची ओळ फार लांब झाली तर ती रिस्पॉन्स फाइलीत कशी घालायची (सीएमडीची मर्यादा ८१९१ अक्षरांची आहे). हे सर्व लिहून झाले की तुमच्या हाती स्वतःची बिल्ड सिस्टिम येते, आणि तिची देखभाल जगात दुसरे कोणीही करत नाही. पायथनही स्थिर राहत नाहीच, ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स काढून टाकल्यावर अनेकांच्या बिल्ड स्क्रिप्ट अडल्या होत्या.

सांजपर्व

मान्य, पण मग पायथनला कंपायलर बोलावण्याचे काम न देता पुढच्या टप्प्यांचे द्यावे: आवृत्तीचा क्रमांक घालणे, पॅकेज बनवणे, डिजिटल सही करणे, चाचणी चालवणे. ही कामे सीमेकमध्ये कोंबली की दोन्ही बाजूंनी नुकसान होते, इतके तरी आपण दोघेही मान्य करू.

कातळशिल्प

अनुमोदन.

पाणंद

शेल स्क्रिप्ट उरणारच असेल, तर तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘लिनक्स आणि मॅक म्हणजे दोन्ही युनिक्सच’ या समजुतीने बराच वेळ वाया जातो.

मॅकवर ॲपलने दिलेला बॅश (शेल स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आजही ३.२ आहे. चौथ्या आवृत्तीपासून परवाना जीपीएल ३ झाला आणि ॲपल तिथेच थांबले. त्यामुळे नावांनुसार किंमती ठेवणारे ॲरे, मॅपफाइल या गोष्टी लिनक्सवर बिनबोभाट चालतात आणि मॅकवर अडतात. सेड या आदेशाने फाइल जागच्या जागी बदलायची तर जीएनयूला नुसता ‘-आय’ चालतो, मॅकच्या सेडला त्यापुढे बॅकअपचे शेपूट सांगावे लागते, रिकामे असले तरी. प्रोसेसरची संख्या सांगणारा ‘एनप्रॉक’ मॅकवर नसतो. त्यातच उबुंटूने २००६ मध्ये ‘/बिन/एसएच’ च्या जागी डॅश हा वेगळा शेल आणला, म्हणून पहिल्या ओळीत एसएच लिहून आत बॅशची वाक्ये वापरणारी स्क्रिप्ट फेडोरावर चालते आणि उबुंटूवर पडते.

यापेक्षा वाईट प्रकार अपयश लपण्याचा आहे. बिल्डचा लॉग ‘टी’ या आदेशातून फाइलीत जावा म्हणून पाइप लावला, की पूर्ण ओळीचा निकाल ‘टी’चा धरला जातो. मेक अपयशी झाला तरी स्क्रिप्ट पुढे जाऊन कालच्या लायब्ररीचे पॅकेज बनवते. बॅशमध्ये ‘पाइपफेल’ लावल्याशिवाय असा पाइप लिहू नये. बॅच फाइलीत याच जातीची अडचण ‘कॉल’ या शब्दाची आहे: एका बॅच फाइलीतून दुसरी बोलावताना तो शब्द लिहिला नाही, तर नियंत्रण परत येतच नाही, पहिली फाइल तिथेच संपते आणि बाहेरून सगळे यशस्वी दिसते.

ओळींच्या शेवटाबद्दल एकच वाक्य लिहितो: प्रत्येकाच्या गिटच्या सेटिंगवर न सोडता रेपोतील गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत शेल स्क्रिप्टसाठी एलएफ आणि बॅच फाइलींसाठी सीआरएलएफ (ओळ संपल्याच्या युनिक्स आणि विंडोजच्या खुणा) पक्के करून टाकावे.

उंबरठा

पाणंद यांनी लिहिलेला ‘टी’चा मुद्दा आजच आमच्या स्क्रिप्टमध्ये तपासला आणि दुरुस्त केला. मनापासून आभार.

तिसरीघंटा

मी जर्मनीत वैद्यकीय उपकरणांच्या एका एसडीकेवर काम करते. धाग्यात आतापर्यंत ‘आपले बिल्ड’ यावर बोलणे झाले, पण निळीशाई यांनी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटल्याप्रमाणे एसडीकेचा वापर ग्राहकाच्या बिल्डमध्ये होतो आणि स्क्रिप्टची परीक्षा तिथेच व्हायला हवी.

आमच्याकडे प्रत्येक बिल्डनंतर एक छोटा परका प्रकल्प बांधला जातो. तो रेपोतील सोर्सला स्पर्श करत नाही. ज्या झिप किंवा टार फाइली ग्राहकाला मिळतात, त्याच एका रिकाम्या कंटेनरमध्ये उलगडून, त्यांतून पॅकेज शोधून, लिंक करून एक फंक्शन चालवतो. पहिल्यांदा हे केले तेव्हा ग्राहकासाठीच्या सीमेक फाइलीत बिल्ड यंत्रावरच्या झेडलिब या लायब्ररीचा संपूर्ण पाथ लिहिलेला आढळला. आमच्या यंत्रांवर झेडलिब त्याच जागी होती, म्हणून तोवर कोणालाच काही जाणवले नव्हते.

सिम्बॉलच्या (लायब्ररीतील फंक्शन वगैरेंच्या नावांच्या) बाबतीतही असेच होते. लिनक्सवर जीसीसी कंपायलर सांगितल्याशिवाय काहीच लपवत नाही आणि विंडोजवर सांगितल्याशिवाय डीएलएलमधून (विंडोजच्या लायब्ररी फाइलीतून) काहीच बाहेर दिसत नाही. त्यामुळे लिनक्सवर ग्राहक नकळत आतल्या फंक्शनवर अवलंबून राहतो, आणि तुमच्या आत घेतलेल्या जेपेग लायब्ररीची नावे त्याच्या जेपेगशी भिडतात. सीमेकमध्ये दृश्यता ‘लपलेली’ ठेवावी, एक्स्पोर्टचे हेडर त्याच्याकडूनच बनवून घ्यावे, आणि दोन्हीकडे बाहेर दिसणाऱ्या नावांची यादी रेपोतील एका फाइलीशी ताडून पाहावी. ती यादी बदलली की पुल रिक्वेस्टमध्ये स्पष्ट दिसते आणि चर्चा होते.

विंडोजवर सीचा इंटरफेस ठेवला आहे, हे उत्तम केले आहे. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ ते २०२२ या आवृत्त्यांची टूलचेन परस्परांशी सुसंगत असते, पण शेवटचे लिंकिंग त्यांतील सर्वांत नव्या किंवा त्याहून नव्या टूलचेनने व्हावे लागते आणि डिबगचे रनटाइम रिलीजशी मिसळता येत नाही. ग्राहकाला यापैकी काहीच ठाऊक असण्याची गरज पडू नये, असा इंटरफेस साध्या सीनेच देता येतो. त्यात एक पथ्य मात्र पाळावे: डीएलएलने दिलेली मेमरी मोकळी करण्याचे फंक्शनही डीएलएलनेच द्यावे.

अवकाळी

अँड्रॉइडचा उल्लेख फक्त पहिल्या पोस्टमध्ये आला, म्हणून लिहितो. १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर अँड्रॉइड १५ आणि त्यापुढील आवृत्त्या लक्ष्य करणाऱ्या नव्या ॲपना आणि अद्ययावत आवृत्त्यांना ६४-बिट उपकरणांवर १६ केबी मेमरी पेज चालावे लागते. ॲप ग्राहकाचे असले तरी आतली एसओ (लायब्ररीची) फाइल तुमची असते, आणि ती जुन्या ४ केबीच्या रचनेत असेल तर अडतो तो ग्राहक. एनडीके (अँड्रॉइडसाठी सी/सी++ बांधण्याचा संच) आर२८ हे आपोआप करते. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर लिंकरला पेजचा कमाल आकार १६३८४ सांगा. तपासणी सोपी आहे: ऑब्जडंपने हेडर छापले की लोडच्या ओळींत संरेखन २ चा १४ वा घात दिसले पाहिजे, १२ वा दिसला तर फाइल जुनी आहे. ही तपासणी दुपारतिठा यांनी सांगितलेल्या ग्लिबसीच्या तपासणीशेजारीच बसवता येईल.

लेखणबोरू

एक अनुभव सांगते, जो आपल्याकडच्यांना विशेष उपयोगी पडेल. आमच्या एका सहकाऱ्याने नव्या लॅपटॉपवर विंडोजचे खाते मराठीत, स्वतःच्या नावाने देवनागरीत उघडले. तिचे होम फोल्डर देवनागरीत आणि तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर त्याच्याच आत. बिल्ड सुरू केल्यावर कोड जनरेट करणारे एक जुने साधन ‘फाइल सापडत नाही’ म्हणू लागले आणि लॉगमध्ये पाथ असा दिसत होता: सी ड्राइव्ह, यूजर्स, मग ओळीने पाच प्रश्नचिन्हे, मग टेम्प. फाइल तर एक्सप्लोररमध्ये समोर दिसत होती.

कारण असे की मराठी, हिंदी या भाषांसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे एएनएसआय कोडपेज (अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता) कधी नव्हतेच; त्या पहिल्यापासून केवळ युनिकोडवर चालतात. जे साधन पाथ जुन्या एपीआयने मागते, त्याच्या हाती भारतातील नेहमीच्या इंग्रजी सेटिंगमध्ये १२५२ या कोडपेजमध्ये बसवलेला मजकूर येतो, आणि तिथे देवनागरीला जागाच नसल्याने प्रत्येक अक्षरखुणेचे प्रश्नचिन्ह होते. फ्रेंच किंवा जर्मन नावाचे खाते १२५२ मध्ये बसते, त्यामुळे तिकडच्या लेखकांना ही अडचण सहसा भेटत नाही.

आमच्या स्वतःच्या साधनांना विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मिळणारी सोय वापरून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ लावले, आणि पायथनच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहिले. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड आणि चाचण्यांच्या यंत्रणेत) एक काम मुद्दाम ‘ठसे चाचणी’ अशा नावाच्या, म्हणजे देवनागरी आणि मध्ये जागा असलेल्या फोल्डरमध्ये चालते. ‘खाते इंग्रजीत उघडा’ हे उत्तर आम्ही तिला दिले नाही, आणि एसडीके देणाऱ्याने ते ग्राहकालाही देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

पाणंद

लेखणबोरूताई, फार मोलाची माहिती. यात एक भर घालतो: विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये साध्या बाणाने फाइलीत लिहिलेला मजकूर यूटीएफ-१६ मध्ये जातो. अशा रीतीने लिहिलेली आवृत्तीची फाइल पुढे सीमेक किंवा पायथन वाचायला गेले की पहिल्याच अक्षराला अडखळतात.

सांजपर्व

थोडे बाजूला जातो, पण विषय सोडत नाही. बिल्ड स्क्रिप्टचे पुनरावलोकन आपण कोडइतके बारकाईने करत नाही, आणि मार्च २०२४ मधील एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीचे प्रकरण याच ठिकाणी घडले. आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचे दार घालण्यात आले होते. ते सुरू करणारा बदल गिटमध्ये नव्हताच. तो रिलीजच्या टार फाइलीतील एका एम४ (बिल्डच्या तयारीच्या) फाइलीत होता आणि मूळ माल चाचण्यांच्या नमुना फाइलींत दडवलेला होता. एसएसएच लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा जास्त वेळ का लागतो, याचा पाठपुरावा करताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ते सापडले.

त्यातली सीमेकची बाजू कमी लोकांनी वाचली असेल. लँडलॉक ही सुरक्षेची सोय सिस्टिमवर आहे का, हे पाहण्यासाठी एक छोटा सी प्रोग्रॅम बांधून बघितला जात असे. त्या प्रोग्रॅमच्या मजकुरात एका ओळीवर केवळ एक टिंब टाकण्यात आले. टिंबामुळे प्रोग्रॅम कधीच बांधला जात नसे आणि सीमेक शांतपणे ‘ही सोय उपलब्ध नाही’ असे धरून पुढे जात असे.

म्हणून कातळशिल्प यांनी सुचवलेल्या ‘फंक्शन मिळते का’ अशा तपासण्यांना मी एक अट जोडतो. जी सोय तुमच्या एसडीकेला आवश्यक आहे, तिची तपासणी अपयशी झाली तर बिल्ड थांबले पाहिजे; आणि जी ऐच्छिक आहे, तिची स्थिती शेवटी छापून, प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी अपेक्षित काय आहे त्याच्याशी ताडली पाहिजे.

कातळशिल्प

सांजपर्व, ही अट मला पूर्ण मान्य आहे. माझ्या मूळ प्रतिसादात ती असायला हवी होती.

उंबरठा

हे सगळे करायचे कोणी? आमच्याकडे मॅकचे बिल्ड ज्याला समजत असे, त्याने नोकरी बदलली आणि सहीचे प्रमाणपत्र कोणत्या यंत्रावर आहे, हे शोधण्यात रिलीज लांबली.

तिसरीघंटा

उंबरठा, आमच्याकडे प्लॅटफॉर्मनुसार माणसे वाटणे बंद केले आहे. विंडोजचा माणूस, मॅकचा माणूस अशी वाटणी असली की तीन स्क्रिप्ट पुन्हा तयार होतात, मग साधन कोणतेही असो. प्रत्येक रिलीजचे काम पाळीपाळीने वेगळी व्यक्ती करते आणि तिने केवळ लिहिलेल्या सूचनांवरून चारही बिल्ड करून दाखवायची असतात. सूचना अपुऱ्या असतील तर त्याच दिवशी दुरुस्त होतात. मॅकची सही सीआयच्या गुप्त साठ्यातून होते, कोणाच्याही लॅपटॉपवरून नाही. लायब्ररीच्या आतला पाथ बदलणे, दोन आर्किटेक्चर जोडणे ही कामे सहीच्या आधीच पूर्ण झाली पाहिजेत, कारण फाइलीत नंतर केलेला कोणताही बदल सही मोडतो. हा क्रम स्क्रिप्टमध्ये पक्का लिहिलेला असावा.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी गटात वाचून दाखवला आणि ज्येष्ठांशी सविस्तर चर्चा झाली. पुढील गोष्टी ठरल्या आहेत. लायब्ररीचे वर्णन एकाच सीमेक प्रकल्पात जाईल आणि ग्रेडलही त्यालाच बोलावेल. पॅकेज आणि सही पायथनकडे राहील. जुन्या आणि नव्या बिल्डमधून निघालेल्या फाइलींची एक्स्पोर्टची यादी, व्याख्या आणि ग्लिबसीच्या खुणा एकमेकींशी ताडून जुळल्यावरच जुनी स्क्रिप्ट काढायची, अशी ज्येष्ठांची अट आहे आणि मला ती अगदी योग्य वाटते. लिनक्सची किमान ग्लिबसी २.२८ असे दस्तऐवजात लिहिले जाईल. परका प्रकल्प आणि देवनागरी फोल्डर ही दोन्ही कामे सीआयमध्ये सर्वांत आधी येतील.

एक प्रश्न शिल्लक आहे. विंडोजची ३२-बिट डीएलएल बंद करावी असा प्रस्ताव आहे, कारण विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असे केल्यास बिल्डची एक संपूर्ण शाखा कमी होईल. यावर काय मत आहे?

दुपारतिठा

सिस्टिम ६४-बिट असली तरी तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम ३२-बिट असू शकतो, आणि ३२-बिट प्रक्रियेत ६४-बिट डीएलएल लोड होत नाही. तुम्ही पतसंस्थांचा उल्लेख केला आहे. तिथे व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेली सॉफ्टवेअर अजून रोज उघडली जातात आणि व्हीबी ६ फक्त ३२-बिटच बांधते. विंडोजच्या आवृत्तीवरून निर्णय न घेता ग्राहकांना विचारून घ्यावा.

लेखणबोरू

दुपारतिठा यांच्याशी सहमत आहे. ही शाखा ठेवणार असाल, तर सीमेकमध्ये नेताना एका ठिकाणी काळजी घ्या. व्हीबी ६ ला फंक्शन एसटीडीकॉल पद्धतीचे लागते, आणि ३२-बिटमध्ये कंपायलर अशा नावाच्या आधी अधोरेषा आणि नंतर ‘ॲट’ची खूण व आर्ग्युमेंटच्या बाइटची संख्या जोडतो. जुन्या बॅच फाइलीसोबत बहुधा एक डेफ फाइल असेल, जी ही नावे पुन्हा साधी करते. ६४-बिटमध्ये हा फरकच नसल्याने ती फाइल राहून गेली तरी तिथल्या सर्व चाचण्या पार पडतील आणि व्हीबीच्या ग्राहकाला मात्र फंक्शन सापडणार नाही. सीमेकमध्ये डेफ फाइल टार्गेटच्या सोर्समध्ये घातली की ती लिंकरपर्यंत पोहोचते. तुमच्या परक्या प्रकल्पाची एक ३२-बिट प्रतही ठेवा, आणि तिने फंक्शन साध्या नावाने शोधून पाहावे.

निळीशाई

लेखणबोरूताई, डेफ फाइल खरोखरच आहे. बॅच फाइलीच्या शेजारच्या फोल्डरमध्ये आत्ताच सापडली. ३२-बिट शाखा तूर्त ठेवतो आणि पुढच्या रिलीजच्या सूचनेसोबत ग्राहकांना विचारणा पाठवतो. त्यांची उत्तरे आली की इथेच लिहीन.